पाखरांचं बलुतं

माहेरहून मी जे काही आणलं, त्यात सासरच्यांना सगळ्यात बिनकामाचा वाटला तो काळा कॅमेरा. वडिलांचं बारामतीत फोटोचं लहानसं दुकान होतं. फिल्म कशी भरायची, कशी धुवायची, हे सगळं त्यांनी मला शिकवलं आणि मग लग्न करून शेळगावला धाडून दिलं. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. सासूबाई म्हणायच्या, "फोटो काढला की आयुष्य कमी व्हतं. माझ्याकडं तोंड करू नगंस त्या डब्याचं." सासूबाईंचं आयुष्य मी कशाला कमी करू? कॅमेरा पेटीत पडून राहिला.

घरामागे विहीर, विहिरीभोवती वांगी-घेवड्याचे वाफे आणि काठावर पाण्यावर झुकलेली एक बाभूळ. पावसाळा सुरू झाला की त्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबायची. त्या घरात मला स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर तेवढंच एक झाड. पाण्याला गेले की मान वर करून पाहायला मिळायचं, आणि त्यावर कोणाचा हुकूम चालत नव्हता.

भाद्रपदात बाजरी दुधात आली आणि मामंजींनी हुकूम काढला. गणपती गेले की बाभूळ पाडायची. सुगरणी बाजरी खातात, शिवाय गाडीच्या चाकाला लाकूड पाहिजेच होतं.

आता आमच्याकडची रीत सांगते. सून सासऱ्याशी बोलत नसे. मामंजी अंगणात, मी दारात, मध्ये चार हातांचं अंतर, तरी बोलायचं ते सासूबाईंमार्फत. मी पदर ओढून म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना सांगा, सुगरणी पिलांना नाकतोडे भरवतात. तेच नाकतोडे बाजरी खातात. मी पाहिलंय."

सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मामंजींचं उत्तर आलं, तेही सासूबाईंनाच. "तिला म्हणावं, तू पाहिलंस त्याला कोण इच्यारतंय? डब्यात दिसू दे, मग बघू."

मामंजींचा त्या डब्यावर विश्वास होता, तो आमच्या लग्नापासून. वडिलांनी काढलेल्या फोटोत त्यांचा एक डोळा मिटलेला आला होता. वडील ओशाळले, पण मामंजी खूश. "ह्यो डबा तोंडदेखलं बोलत न्हाय," म्हणाले. तो फोटो त्यांनी ओसरीवर टांगला होता.

डब्यात दाखवायचं, तर दाखवू म्हटलं. माणूस घरट्याच्या अगदी जवळ उभं राहिलं की सुगरणी फिरकत नाहीत. पण बुजगावण्याला या गावचं एकही पाखरू भीत नाही, उलट त्याच्या डोक्यावर बसून चोच साफ करतं. म्हणून मी नवऱ्याचा फाटका कोट आणि एक मडकं घेऊन बुजगावणं केलं, काठावर सगळ्यात खालच्या घरट्यासमोर रोवलं आणि मडक्याला भोक पाडून आत कॅमेरा बसवला. खटक्याला दोरी बांधून ती कोटाच्या बाहीतून वांग्यांच्या वाफ्यापर्यंत आणली. दोन दिवस नुसतंच उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी वांग्यांत बसून दोरी ओढायला लागले. पाण्याला आलेल्या बायका हसायच्या. एकीनं विचारलं, "काय गं, बुजगावण्याला दावं लावलंस व्हय?" म्हटलं, "व्हय, पळून जातंय." हसू देत. एक फोटो झाला की उठायचं, मडक्यात हात घालून फिल्म पुढं सरकवायची, पुन्हा येऊन बसायचं. आठ फोटो संपले.

नवरा बाजाराला बारामतीला गेला आणि फिल्म धुवून घेऊन आला. सात फोटोंत नुसतं घरटं, नाही तर धुरकट डाग. एकच स्वच्छ आला होता, आणि वडिलांनी कौतुकानं तो मोठा करून दिला होता. घरट्याच्या तोंडाशी सुगरण, पंख मिटलेले, डोळा चकचकीत. चोचीत बाजरीच्या कणसाचा लचका.

नवरा हळूच म्हणाला, "फाडून टाक. म्हणावं, काहीच आलं नाही."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? नाकतोडे मी या डोळ्यांनी पाहिले होते. पण माझ्या मनासारखा आला तर फोटो खरा आणि नाही आला तर फाडायचा, असली लबाडी मी करणार नव्हते. इतका सुंदर फोटो मी जन्मात काढला नव्हता.

गणपती गेले. सकाळी सुतार कुऱ्हाड घेऊन विहिरीवर आला. मामंजी उभे होते, सासूबाईही होत्या. मी फोटो नेऊन मामंजींच्या हातात दिला. हातात, सासूबाईंच्या नव्हे. त्यांनी पाहिला आणि जोरात हसले.

"हिला सांग, डबा खरं बोलला."

"बोलला," मी म्हणाले. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले. "खातात बाजरी. खळ्यावर सुताराला बलुतं देता, कुंभाराला देता, न्हाव्याला देता. पाखरांनी नाकतोडे मारले, त्यांनाच का नाही? कणीसभर बलुतं घेतलं तर झाड पाडायचं?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सुतारानं कुऱ्हाड खाली टेकवली. मामंजींनी फोटो पुन्हा एकदा निरखला. मग सासूबाईंना म्हणाले, "बलुतं देनाऱ्यानं आपल्यातलं द्यावं. झाड ऱ्हाऊ दे. पुढची बाजरी येईस्तवर हिच्या पानात अर्धी भाकर कमी वाढ."

"चालेल," मी म्हणाले. तेही सरळ त्यांनाच.

त्यांना वाटलं, चार दिवसांत येईन वळणावर. मी कसली येतेय! दसरा गेला, दिवाळी गेली, खळी झाली, कणग्या भरल्या. पोट मागायचं, मी पाणी प्यायची. भोगीला सासूबाईंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली. मामंजी ओसरीवर विडा लावत होते. त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या पानात अख्खी भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "खा. त्यांनीच सांगितलंय."

मी ती मधोमध मोडली आणि अर्धी परत टोपल्यात ठेवली.

"पुढची बाजरी येईस्तवर ठरलंय, मामंजी," मी मोठ्यानं म्हणाले.

ओसरीवरून मामंजींचा आवाज आला. सासूबाईंना नाही, मला. "व्हय. ठरलंय."