गुरुजींच्या देवळात बाबा

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या वेरिबीहून बाबांना घेऊन एक जुनं देऊळ बघायला निघाले. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, म्हणून मी त्यांना साताऱ्याहून इकडे आणलं. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. पण "डाव्या हाताने लिहून बघा ना," म्हटलं की मान फिरवायचे.

दोन तास पिवळं, वाळलेलं माळरान. मग सोन्याच्या खाणींचं एक जुनं गाव आलं. इथे खणायला आलेल्या चिनी लोकांनी कन्फ्युशियसचं देऊळ बांधलं आणि त्याला लागूनच शाळा. दाराला कुलूप! बाहेर निलगिरीखाली बसून थालीपीठं खाल्ली.

तेवढ्यात देवळाची देखभाल करणाऱ्या मेई आल्या. सत्तरीच्या असाव्यात. "सॉरी मेट, जेवायला गेले होते," म्हणत त्यांनी आमच्या हातावर एकेक बाव (सारण भरून वाफवलेला पाव) ठेवला आणि दार उघडलं.

आत मूर्ती नव्हती. नाव कोरलेली लाकडी पाटी, पुढे उदबत्त्या.

"देव कुठे आहे?" मी विचारलं.

"देव नाही. शिक्षक होते ते."

बाबा पाटीकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

शाळेच्या खोलीत काळी फरशी, कुंचला आणि पाण्याचं भांडं होतं. मुलं त्या फरशीवर पाण्याने अक्षरं गिरवायची. मेईंनी कुंचला बाबांपुढे धरला. ते मागे सरले.

"त्यांना नाही जमत," मी मध्ये पडले.

"नो वरीज. चुकलं तरी वाळून जातं," मेई म्हणाल्या. "माझे वडील इथे शिकवायचे. पुढे हात थरथरायला लागला, तरी रोज गिरवत बसायचे."

बाबांनी डाव्या हातात कुंचला घेतला. 'अ' काढला. उभी रेघ पार वाकडी. ते अक्षर वाळून दिसेनासं होईपर्यंत ते बघत राहिले.

"वैशू, एक पोरगा होता, दत्ता. डावखुरा. डाव्या हाताने लिहिलं की त्याच्या बोटांवर मी पट्टी मारायचो," ते म्हणाले. "मग मी कुठल्या तोंडाने या हाताने लिहू?"

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी पुन्हा 'अ' काढला. मग पुन्हा.

परतताना गाडीत मला वाटत राहिलं, इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते. विचारलं मात्र कधीच नाही.

रविवारी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. चहा ठेवताना पहिली ओळ दिसली: 'प्रिय दत्ता, हे डाव्या हाताने लिहितो आहे.'