शास्त्रातली चिंधी

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरात पवित्र शास्त्र नुसतं वाचून मिटायची सोय नव्हती. संध्याकाळी जेवणाआधी एक उतारा व्हायचा आणि 'आमेन'च्या पाठोपाठ आईचा प्रश्न यायचा, "मग उद्या काय करायचं?" शेजाऱ्यावर प्रीती करा असं वाचलं असेल, तर कुठल्या शेजाऱ्यावर आणि किती वाजता, हे ठरल्याशिवाय ताटात भाकरी पडत नसे. बाबा कंपनीत शिफ्टला जायचे. एकदा दुसरा गाल पुढे करण्याचा उतारा निघाला तेव्हा ते म्हणाले, "आमच्या सुपरवायझरला दोन गाल पुरायचे नाहीत." मी पोट धरून हसले. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या डब्यात सुपरवायझरसाठी दोन घावन जास्त घातले.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला हे सगळं भाबडं वाटायचं. आज तो प्रश्न विचारणारं कुणी नाही, तर संध्याकाळ सुनी सुनी वाटते.

आम्ही वाचायचो ते पुस्तक आजीचं, म्हणजे आईच्या आईचं. मोठ्या अक्षराचं, काळ्या पुठ्ठ्याचं. आजीची शेवटची दोन वर्षं पेणला मावशीकडे गेली. मावशी ही आईची धाकटी बहीण. आजीचं उठणंबसणं, औषधपाणी, सगळं तिनेच केलं. आई महिन्यातून दोनदा जायची, ती केळी आणि सल्ले घेऊन. आजी गेली, तिला माती दिली, आणि दुसऱ्या दिवशी निघताना आईने उशाजवळचं शास्त्र उचलून पिशवीत टाकलं. मावशी मागच्या दारी भांडी घासत होती. ती आत येईपर्यंत आम्ही एसटी स्टँड गाठला होता.

"मी थोरली. आईने मलाच कबूल केलं होतं," असं आई म्हणे. केलंही असेल. पण मावशीने बोलणं टाकलं ते टाकलंच. तीन वर्षं फोन उचलला नाही. नाताळच्या करंज्या पाठवल्या तर डबा तसाच परत आला. आणि गंमत अशी, की आईच सगळ्यांना सांगत सुटायची, "मी तिला माफ केलंय हो. रोज प्रार्थनेत तिचं नाव घेते." चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. मोठ्याने म्हणायची छाती नव्हती.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. दहाबारा घरं. पुलापलीकडे अष्टमी गावात एका दुकानावरच्या खोलीत उपासना व्हायची, आणि पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच यायचे. भातकापणी झाली की हंगामाचा सण. ज्याच्या घरी जे पिकलं किंवा बनलं ते पुढच्या टेबलावर अर्पण करायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. नवे तांदूळ, दुधी, नारळ, एखादी पाय बांधलेली कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेतच ओरडणार. आई दरवर्षी पोह्याच्या पापडांचा डबा न्यायची. लाटायला आजीने शिकवलेले, पेणच्या पद्धतीचे.

त्या वर्षी वाचन माझ्याकडे होतं. अक्षर मोठं म्हणून आईने आजीचंच शास्त्र माझ्या हातात दिलं. उतारा होता डोंगरावरच्या प्रवचनातला: तू वेदीशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी भराभर वाचून मोकळी झाले. हा उतारा लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेला, की मला त्यात नवीन काही दिसेना.

गाणं सुरू झालं. लोक एकेक वस्तू घेऊन पुढे जाऊ लागले. आईने डबा टेबलावर ठेवला आणि ती तिथेच थांबली. मागची माणसं खोळंबली. मग ती वळून सरळ माझ्याकडे आली आणि शास्त्र माझ्या हातातून घेतलं.

"चल."

"कुठे?"

"पेणला."

"आत्ता? उपासना संपू दे. जेवण तरी..."

"शास्त्रात 'आधी' म्हटलंय. 'जेवणानंतर' नाही म्हटलेलं."

सगळ्या मंडळीदेखत आम्ही जिना उतरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटीत नागोठण्यापर्यंत मी तिच्याशी बोललेच नाही. तीच म्हणाली, खिडकीबाहेर बघत, "माझ्या मनात तिच्याविषयी काय आहे हे मी तीन वर्षं तपासत बसले गो. तिथे ते विचारलेलंच नाही. तिच्या मनात काय आहे ते विचारलंय."

मावशीने दार उघडलं. वाटेत आईने माफीची वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. तिने शास्त्र पुढे केलं. मावशीने हात लावला नाही.

"मला पुस्तक नको होतं, ताई. तू मागितलं असतंस तर मीच तुझ्या पिशवीत घातलं असतं. तू विचारलंच नाय. दोन वर्षं मी तिच्या उशाशी बसून वाचलं, आणि तू मला न विचारता नेलंस. या घरात मी कोणीच नव्हते काय?"

आई मटकन उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. "चुकले गो बाय," एवढंच म्हणत राहिली. आईला रडताना मी आजीच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मावशीने पुस्तक घेतलं, पानं उलटली आणि विचारलं, "माझी खूण कुठाय?" आजीच्या लुगड्याच्या हिरव्या काठाची एक चिंधी त्यात होती. आजी ऐकता ऐकता झोपली आणि मग उठलीच नाही, त्या दुपारी जिथे वाचन थांबलं तिथे मावशीने ती घातली होती. आम्हांला काय ठाऊक! आम्ही तीच चिंधी रोज पुढे सरकवत तीन वर्षं आमचे उतारे वाचले होते. आईचा चेहरा मला अजून आठवतो. पुस्तक परत करता येत होतं. ती जागा कशी परत करणार?

पण मावशीला जागा पाठ होती. डोंगरांकडे डोळे लावणारं स्तोत्र, अर्ध्यावर. तिने मला म्हटलं, "वाच तिथून." मी वाचलं. उरल्या होत्या जेमतेम चार ओळी. आपलं जाणं आणि येणं देव सांभाळतो, अशी शेवटची. ती आजीने ऐकलीच नव्हती. या वेळी मी सावकाश वाचलं.

मावशीने चिंधी तिथे घातली, म्हणाली, "ही आता इथून हलवायची नाय," आणि पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं. "घेऊन जा. आता मी देतेय." मग तिने भात टाकला आणि आईने केलेल्या पिठल्याला नावं ठेवली. सगळं ठाकठीक झालं हे मला तेव्हा कळलं.

आम्ही अष्टमीला परतलो तेव्हा दिवस कलला होता. पाळक केव्हाच गेले होते. खोलीत मंडळीतले एक निवृत्त पोस्टमन तेवढे बाकावर बसून होते. टेबल रिकामं, फक्त आमचा डबा जागेवर. "लिलावात नाय काढला," ते म्हणाले. "देणारी यायची होती ना." आईने डब्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

त्या दिवसाचं रोहा-पेण तिकीट पुढे आमची वाचनाची खूण झालं. चिंधी स्तोत्राशीच राहिली.

परवाच्या पावसाळ्यात आई गेली. मावशी आली, चार दिवस राहिली, माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. निघताना आईच्या उशाजवळचं शास्त्र उचलून ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढी म्हातारी बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"नेऊ का गो?"

मला ते पुस्तक हवं होतं. फार हवं होतं. मी हात पुसले आणि ते तिच्या पिशवीत ठेवलं.