झोऊंचा रुसवा

संध्याकाळचे साडेपाच व्हायला आले की सुकेशनी खिडकीला जाड गोधडी अडकवते. घर शेलूबाजारला, हायवेच्या मागच्या गल्लीत. बाहेर ट्रकचे भोंगे, आणि त्यावर जीपवाल्यांचा "वाशीम, वाशीम, वाशीम" असा गजर. गोधडीने तो आवाज निम्मा होतो. उरलेल्या निम्म्याची तिच्या विद्यार्थ्यांना सवय झाली आहे. विद्यार्थी सहाजण, सगळे चीनमधले, सगळी मोठी माणसं. तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात.

चिनी माणसांना इंग्रजी शिकवायला शेलूबाजारची पोरगी कशाला, असं विचारणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर द्यायला सुकेशनीला वेळ नाही, म्हणून इथेच सांगून टाकलेलं बरं. तिने इंग्रजीत एमए केलं, बीएड केलं. चार वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे तास झाला की मॅडम, बाहेर पडली की कोणी नाही. मग एका ऑनलाइन कंपनीने परीक्षा घेतली आणि हिला निवडलं. वडील भिवाजी एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. ते स्टँडवर भेटेल त्याला सांगायचे, "आमची सुकेशनी चीनले शिकवून राह्यली." जणू काही सगळा चीन वहीपेन घेऊन त्यांच्या ओसरीवर बसला होता.

पहिले सहा महिने या वर्गाने तिच्या नाकी नऊ आणले. आपल्याकडची पोरं गप्प बसत नाहीत म्हणून मास्तर ओरडतो. इथे कोणी बोलेचना. समजलं का विचारलं की सहाही माना एकदम हलायच्या. काय समजलं ते सांगा म्हटलं की सहाही चेहरे दगड. पाठांतर मात्र असं, की पानंच्या पानं धडाधड म्हणून दाखवतील, स्वल्पविरामालासुद्धा बरोबर थांबतील. चूक होईल या भीतीने न बोलणं बरं, असा त्यांचा हिशोब होता. सुकेशनीला तो हिशोब नवा नव्हता. वाशीमला कॉलेजात पहिल्या वर्षी ती इंग्रजीत एक वाक्य बोलली होती, मागचा बाक खो खो हसला होता, आणि पुढे दोन वर्षं तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

वर्गात सगळ्यांत मोठे झोऊ. वय छप्पन. एका लहान शहरात त्यांचं सकाळच्या न्याहारीचं दुकान होतं. आत सारण भरलेले, वाफेवर शिजवलेले गव्हाचे गोळे विकायचे. पहाटे चारला भट्टी पेटायची, दुपारी दुकान बंद. बाकीच्या पाचांनी वर्गासाठी इंग्रजी नावं घेतली होती. एक पोरगी तर चेरी झाली होती. झोऊंनी घेतलं नाही. ते म्हणाले, मी झोऊ आहे.

ते इंग्रजी शिकत होते ते एकाच कामासाठी. त्यांची एकुलती एक लेक न्यूझीलंडच्या मुलाशी लग्न करणार होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लग्न होतं, व्याही-विहीण तिकडून येणार होते आणि त्यांना चिनीचं अक्षर येत नव्हतं. त्यांच्याकडे लग्नात मुलीच्या बापाने उभं राहून चार शब्द बोलायचे असतात. ते चार शब्द झोऊंना व्याह्यांना समजतील असे बोलायचे होते. लेकीला कोणी म्हणू नये, की हिचा बाप मुका आहे.

कोणाकडून तरी त्यांनी एक पानभर भाषण लिहून आणलं होतं. दोन परिवारांचं मीलन, दोन संस्कृतींचा सेतू, असं सगळं भरजरी. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी ते वर्गात म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. सुकेशनी खूश झाली आणि तिने सहज विचारलं, "तुमच्या मुलीला काय काय आवडतं?"

झोऊ थांबले. घाम पुसला. आणि त्यांनी भाषण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

आता सुकेशनीच्या घरची एक रीत सांगायला हवी. तिच्या घरी ज्याच्यावर जीव, त्याची नक्कल होते. भिवाजी बायकोची करतात, बायको भिवाजींची तिकिटं फाडण्याची करते, मोठी बहीण रूपा तर सासरहून आली की आख्ख्या सासरची करून दाखवते, आणि ज्याची होते तोच सगळ्यांत मोठ्याने हसतो. सुकेशनीने त्याच मायेने झोऊंची नक्कल केली. तसाच घाम पुसला, तशीच मान ताठ केली, तसंच "आदरणीय पाहुणेहो" म्हटलं. पाचही जण हसले. वर्ग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून तिला बरंच वाटलं.

झोऊंचा कॅमेरा बंद झाला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

आधी तिला वाटलं दुकानात काम असेल. मग एकदम लख्ख कळलं. त्या वर्गातलं प्रत्येक पोर झोऊंच्या लेकीएवढं नाहीतर तिच्याहून लहान होतं. त्यांच्यासमोर तिने एका बापमाणसाला हसण्याचा विषय केलं होतं. मागच्या बाकाने तिला जे केलं तेच तिने केलं, आणि वरून शिक्षक म्हणून केलं. सुकेशनीला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशीचा वर्ग तिने कसाबसा रेटला.

चूक झाली तर माफी मागावी, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. कंपनीच्या नियमाने विद्यार्थ्यांशी खासगीत बोलता येत नव्हतं, म्हणून तिने वर्गाच्या ग्रुपवरच लिहिलं: झोऊ सर, मी तुमची नक्कल केली, तुमचा अपमान झाला, मला माफ करा. लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. ते हलकेपण अर्धा तास टिकलं. वर्ग संपल्यावर चेरी एकटी थांबली आणि चाचरत म्हणाली, "मॅडम, तुम्ही तसं लिहायला नको होतं. काही पाहिलंच नाही असं सगळे दाखवत होते. आता सगळ्यांनी वाचलं. आता ते कसे येतील?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुकेशनी जेवायला बसली, पण भाकरी तशीच ताटात.

"काहून वं सुके, जेवून नाही राह्यली?" भिवाजींनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. "तीन आठवड्यांवर लगन आलं बाबा त्याइच्या पोरीचं. माह्यामुळं ते आता तिथं तोंड उघडनार नाहीत. मी सगळ्याइसमोर माफी मांगतली, तरी येऊन नाही राह्यले."

"सगळ्याइसमोर मांगतली?" भिवाजींनी कपाळाला हात लावला. "मंग तर झालंच. ज्याले माईत नव्हतं त्यालेबी माईत झालं. अवं, रूपाच्या लग्नात शालिग्रामदादा रुसला होता, याद आहे का?"

ते कोणाला आठवणार नाही? लग्नपत्रिकेत शालिग्राम या चुलत्याचं नाव छापायचं राहून गेलं होतं. पत्रिकेत नाव नसणं म्हणजे वऱ्हाडात भावकीतून काढून टाकल्यासारखंच. शालिग्रामने दार लावून घेतलं होतं.

"मी काय त्याच्या दारात माफी मांगाले गेलो?" भिवाजी म्हणाले. "माफी मांगतली असती तं त्यानं अजून कडी लावली असती. मी म्हनलं, दादा, बुंदीच्या कढईपाशी भरोशाचा मानूस नाही, तुमी नाही आले तं पंगत बसत नाही. आला का नाही पळत? रुसलेल्या मानसाले माफी नाही, काम द्या लागते. ज्या कामात त्याचा कोनी हात धरत नाही, थे काम."

दुसऱ्या दिवशी सुकेशनीने ग्रुपवर लिहिलं. माफीचं नाव नाही, झाल्या गोष्टीचा उल्लेख नाही. पुढच्या गुरुवारी स्वयंपाकाचा धडा आहे. पुस्तकात पिझ्झा आणि सँडविच दिलं आहे, मला दोन्ही येत नाही. हे काम जाणणारे वर्गात एकच आहेत. झोऊ मास्तरांनी गुरुवारचा तास घ्यावा. त्यांना जमत नसेल तर धडा पुढे ढकलू, कारण तो दुसऱ्या कोणाला घेता येणार नाही.

दोन दिवस काही नाही. सुकेशनी दर दहा मिनिटांनी मोबाइल बघायची. तिसऱ्या दिवशी झोऊंकडून यादी आली: पीठ इतकं, यीस्ट इतकं, पाणी कोमट, पत्ताकोबी बारीक. शेवटी एक ओळ होती. मॅडमनीपण करायचं.

गुरुवारी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गेला. आई विमलबाईने दुपारीच इडलीपात्र घासून ठेवलं होतं. यीस्टसाठी भिवाजी बेकरीवाल्याकडे दोन चकरा मारून आले होते. बरोबर साडेपाचला पडद्यावर झोऊ दिसले, पांढरा ॲप्रन, बाह्या वर केलेल्या. सुरुवातीला त्यांनी फक्त हात दाखवले. मग चेरीने विचारलं, "पीठ एवढा वेळ का ठेवायचं?"

झोऊ मळता मळताच म्हणाले, "पीठ थकलं. झोपू दे. मग मऊ."

सुकेशनीचा हात तिथेच थांबला. झोऊंना प्रश्न विचारला गेला होता आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. ती काही बोलली नाही. शाबासकी दिली असती तर ते पुन्हा विद्यार्थी झाले असते, एवढं आता तिला कळत होतं. मग दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. झोऊ तुटक, वेडंवाकडं, पण सगळ्यांना उत्तरं देत गेले. व्याकरणाचा मुडदा पडत होता आणि एमए झालेली बाई तोंड मिटून ऐकत होती.

तिचे स्वतःचे गोळे फाटत होते. झोऊ कॅमेऱ्याजवळ आले. "मॅडम, नाही. कडा पातळ. मध्ये जाड. तुम्ही घाई." विमलबाईला हे बघवेना. एक अक्षर न समजताही तिला सगळं समजलं होतं. "सर वं तिकडं," म्हणत तिने पारी हातात घेतली, कडेने चुण्या घालत गेली आणि कानोल्याला मुरड घालावी तशी वर घट्ट मिटली. झोऊ बघत राहिले.

"हे हात कोणाचे?"

"माझ्या आईचे."

"आई मास्तर," झोऊ गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही नाही." वर्ग हसला. सुकेशनी सगळ्यांत मोठ्याने हसली.

गोळे वाफेवर ठेवले. आता वीस मिनिटं करण्यासारखं काही नव्हतं. सुकेशनीने हात पुसत विचारलं, "तुमची मुलगी पण हे करायची का?"

"नाही. तो झोपायचा," झोऊ म्हणाले. चिनी बोलण्यात तो आणि ती यांचा उच्चार एकच, म्हणून ते नेहमी चुकायचे. आज तिने सुधारलं नाही. "पहाटे चार. घरी कोणी नाही. आई नाही, आई मेली. मी मुलीला दुकानात आणतो. पिठाचं पोतं, त्यावर तो झोपतो. पाठीवर दप्तर. सहा वाजता उठतो. पहिला गोळा त्याचा. फार गरम. तो फुंकतो, फुंकतो, खात शाळेत जातो. बारा वर्षं. गिऱ्हाईक ओरडतं, आधी मला द्या. मी म्हणतो, नाही. पहिला त्याचा."

 चेरी कॅमेऱ्याबाहेर सरकून डोळे पुसत होती. सुकेशनी लॅपटॉपपाशी सरकली. शिक्षकाने करायचं एकच काम उरलं होतं, ते तिने केलं.

"झोऊ सर, लग्नात एवढंच बोला."

"एवढंच? हे भाषण नाही."

"एवढंच."

त्यानंतर ते रोज आले. भाषणाचं नाव कोणी काढलं नाही. ऑक्टोबर लागला, इकडे सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या, हायवेवर ट्रॅक्टरांची रांग लागली. चीनमध्ये आठवडाभर सुट्टी, वर्ग बंद. सुकेशनीच्या जिवाला घोर. तिकडे तो माणूस ऐन वेळी ताठ उभा राहून पुन्हा दोन संस्कृतींचा सेतू बांधायला लागला तर? की उभाच राहिला नाही तर?

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ती ओसरीवर बाबांजवळ बसली होती. मोबाइल वाजला. झोऊंचा निरोप होता, कोणाकडून लिहून न घेतलेला, हे पहिल्याच ओळीतल्या चुकांवरून कळत होतं. बाबांना समजावं म्हणून ती मराठी करत मोठ्याने वाचू लागली.

"मॅडम, मी पहिल्या गोळ्याचं बोललो. माझी मुलगी रडली. जावयाचे वडील माझ्याजवळ आले. म्हणाले, बारा वर्षं पहाटे चारला कसं उठलात? मी म्हणालो, उद्या चारला या, दाखवतो. ते आले. त्यांनी पीठ मळलं. त्यांचा हात फार वाईट आहे. त्यांनी मला खूप विचारलं. मी सगळं सांगितलं. मग मी त्यांना विचारलं, तुमचा मुलगा लहान असताना कसा होता? त्यांनी पण सांगितलं. दोन तास आम्ही बोललो."

"किती?" भिवाजींनी विचारलं.

"दोन तास, बाबा," सुकेशनी म्हणाली, आणि पुढच्या ओळी तिला वाचवेनात.