आईच्या नावाची गार खोली

मुरलीधर माणदेशचा. उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हसवडपासून तीन कोसांवरच्या वाडीत तो वाढला. तिथं वैशाखात दगड तडकायचे, पण डेऱ्याला ओलं पोतं गुंडाळलेलं असलं की पाणी कसं, दात शिवशिवतील असं. त्यामुळं अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यात वेल्डिंगच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढून फोरमन झाल्यावर जेव्हा त्याला घरात बीअर आंबवायचा नाद लागला, तेव्हा तो वसईच्या विलीला छातीवर हात मारून म्हणाला, "गार ठेवायचं माझ्यावर सोड गड्या. आमची हयात गेली त्यात."

नाद विलीनंच लावला होता. हा एका हॉटेलात बारवर होता. २००१ सालच्या हिवाळ्यात त्यानं माल्टचा डबा आणला, यीस्टची पुडी आणली, आणि मुरलीधरनं वीस लिटरचं निळं पिंप आणलं. झाकणाला भोक, भोकात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आत आंबायला लागलं की बाटलीत बुडुक, बुडुक. मुरलीधर पिंपासमोर स्टूल टाकून हे ऐकत बसायचा.

शुक्रवारी दुपारी वर्कशॉपातली चार माणसं त्याच्या घरी जमायची. घर शाबियात, म्हणजे मुसफ्फ्याला लागून कुटुंबवाल्यांची वस्ती आहे तिथं. बाटली उघडली की म्हणायची, "वाह मुरलीशेठ!" बारा वर्षांत ज्याला 'ओय फोरमन' यापलीकडं हाक आली नव्हती, त्याला हे शेठ लई गोड लागलं. चोरून घरात असलं काही करताना सापडलं की खलास, पहिल्या विमानानं गाव, हे त्याला ठाऊक होतं. त्याची त्याला भीती होती. लाज नव्हती. बाप हातभट्टी पिऊन पिऊन गेलेला, म्हणून आईच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, एवढंच तो पाळायचा. कुंदानं, त्याच्या बायकोनं, एकदा सासऱ्याचं नाव काढलं तर म्हणाला, "ती दारू व्हती. ह्ये शास्त्र हाय."

"शास्त्राला वास तर त्योच येतुया," कुंदा म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मे महिन्यापर्यंत माणदेशी विद्या चालली. पिंपाला ओलं पोतं, समोर टेबलफॅन, वाळवंटातला कोरडा वारा. पिंप गार. मुरलीधरची मान ताठ. मग जुलै लागला आणि समुद्राकडनं दमट वारं सुटलं. पोतं चिंब ओलं, पण हात लावावा तर आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. हवेतच एवढं पाणी, पोत्यातलं उडून जाणार कुठं? पण हे त्याच्या ध्यानात यायला एक पिंप वाया गेलं. त्या बीअरला सडक्या केळ्याचा वास आला, आणि बाटल्यांत भरली तर भर दुपारी स्वयंपाकघरात तीन बाटल्या फटाफट फुटल्या.

विली आला, घोटभर पिऊन त्यानं मोरीत थुंकली. "बाबा रे, यीस्ट जिवंत असतं. तुझ्या-माझ्यासारखंच. उकाड्यात येडं होतं. ह्याला वीस डिग्री पाहिजे. तुझं पोतं गावाला पाठवून दे."

मग मुरलीधरनं टब आणला. टबात पाणी, पाण्यात पिंप, आणि सकाळ-संध्याकाळ बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात सोडायच्या. फ्रीजरमध्ये दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. कुंदाचे मासे बाहेर, आणि शाळेतनं तापून आलेली लेक दिया फ्रीजर उघडून ओरडायची, "पपा, देअर इज नो आइस फॉर मी! ऑल दिस इज फॉर दॅट थिंग?"

घरात सामानाची एक बारकी खोली होती. भिंतीत ए.सी.साठी चौकोनी भोक, त्याला प्लायवूड ठोकलेलं. मुरलीधरची नजर त्या प्लायवूडवर गेली.

मुसफ्फ्यात जुने ए.सी. दुरुस्त करून विकणारा लियाकत होता. तो म्हसवडचाच. अख्ख्या मुसफ्फ्यात मुरलीधरला 'मर्दा' म्हणणारा हा एकटा माणूस. बाकी दिवसभर हिंदी झोडायची, आणि लियाकतच्या दुकानात चहा प्यायला बसलं की जीभ मोकळी सुटायची. लियाकत पाच वेळचा नमाजी. दारूचा वास आला तर उठून रस्त्याच्या पलीकडं जाणारा.

मुरलीधर गेला होता तो रोख पैसे घेऊनच गेला होता. तीनशे दिरहम, म्हणजे चार हजार रुपये. लियाकतनं सहज विचारलं, "सामानाच्या खोलीत रं कशाला ए.सी.? कोन निजतंय तितं?"

एवढंच. 'सामान खराब होतंय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मुरलीधरच्या तोंडातनं निघालं, "आई येनार हाय."

लियाकतच्या हातातला पाना थांबला. "तानुबाई? हितं? मग आदी न्हाय का सांगायचं, मर्दा!" मग म्हणाला, "माजी गेली तवा म्या छतावर गॅस भरत व्हतो. माती द्यायला बी घावलो न्हाय."

मुरलीधरनं तेव्हाच जीभ चावायला हवी होती. त्यानं चहा संपवला.

लियाकत शुक्रवारी जुम्म्याचा नमाज करून आला. बाहेर शेहेचाळीस डिग्री. शिडीवर उभं राहून त्यानं प्लायवूड काढलं, ए.सी. बसवला, फटींत फोम कोंबला, गॅस भरला. दोन तासांत त्याच्या सदऱ्यावर मिठाचे नकाशे उठले. शेवटी गार झोताखाली हात धरून म्हणाला, "बग. म्हातारीला महाबळेश्वर केलंय."

मुरलीधरनं नोटा पुढं केल्या.

"आईच्या खोलीचं पैसं घिऊ? हात झडतील माजं."

तो गेल्यावर मुरलीधरनं पिंप उचलून त्या खोलीत नेलं. कुंदा दारात उभी होती. "आईचं नाव घालून दारू गार करताय. जीब कशी झडली न्हाय तुमची?"

"पुढल्या साली खरंच आनू की आईला."

"आनाल. पिंपाला दुसरी जागा घावली की आनाल."

खोली वीस डिग्रीला राहिली. बीअर अशी उतरली की विलीनं दोन बाटल्या मागून नेल्या. पण मुरलीधरचा शुक्रवार आता पहिल्यासारखा लागेना. वर्कशॉपातनं निघालं की लियाकतचं दुकान वाटेत. तो आतूनच हाळी घालायचा, "आई कवा येनार रं?"

"व्हिसाचं चाललंय. इन्शाल्ला."

चार वेळा असं झालं. पाचव्या वेळेपासून मुरलीधर टायरवाल्यांच्या मागच्या बोळानं जायला लागला. लांब पडायचं, टाळू भाजायची, पण तोंड चुकायचं.

सप्टेंबर सरता सरता लियाकत महिन्याच्या सुट्टीवर गावी गेला. मुरलीधरला बरं वाटलं. तो पंधरा दिवसांनी एकदा आईला फोन करायचा, वाडीतल्या शेजारच्यांच्या घरी. त्या शुक्रवारी तानुबाईचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला.

"आरं, लियाकत आल्ता! म्हसवडास्नं माज्यासाठनं वाकडी वाट करून. म्हनला, आई, मुरल्यानं तुज्यासाठी गार खोली केलीया, म्या सोता यंत्र बशिवलंय. मला काय खरं वाटंना बाबा. म्हनलं, मुरल्या? माज्यासाठी? तर त्येनं अल्लाची आन घितली. तवा कुटं पटलं." ती हसली. "समद्या आळीला सांगितलं म्या. पर एक इचारू का? त्ये वारं डोसक्यावर तर न्हाय पडत? गार वारं मला डोसक्याला सोसत न्हाय."

"न्हाय पडत," मुरलीधर म्हणाला.

फोन ठेवला तर कुंदा बघत होती. "काय म्हनत्यात?"

"बरी हाय."

त्याच दिवशी पिंप काढायला पाहिजे होतं. त्याला कळत होतं. पण चारच दिवसांपूर्वी नवं भरलेलं, आतलं जोरात आंबत होतं, आणखी आठ दिवसांत बाटल्यांत गेलं असतं. लियाकत यायला पंधरा दिवस होते. माणूस खाईत पडतो तो असल्या हिशेबानं पडतो.

लियाकत आठवडाभर आधीच परतला. दुकानाच्या अरबी मालकानं बोलावून घेतलं. आणि पहिल्याच शुक्रवारी, नमाज करून, काखेत वाकवलेला पत्रा मारून तो शाबियात आला. मुरलीधर मोरीत बाटल्या धूत होता. दार कुंदानं उघडलं.

"वैनी, म्हातारीनं इचारलं व्हतं, वारं डोसक्यावर पडतं का. तवा ह्यो पडदा करून आनलाय. ए.सी.च्या तोंडाला लावला की झोत छताकडं जातुया. धा मिन्टाचं काम," असं म्हणत तो सरळ त्या खोलीकडं गेला. घर त्याच्या ओळखीचं होतं. कुंदा "थांबा भावजी" म्हणेपर्यंत दार उघडलं गेलं होतं.

मुरलीधर बाहेर आला तो दोन्ही हातांत ओल्या बाटल्या घेऊन. खोलीचं दार सताड उघडं. लियाकत पाठमोरा उभा. समोर खाट नाही, बाज नाही. गार झोताखाली निळं पिंप बसलेलं, पाहुण्यासारखं. बुडुक. बुडुक. त्या आवाजासाठी तो स्टूल टाकून बसायचा. आज वाटलं, त्या नळीला गाठ मारावी.

लियाकत वळला. त्यानं बाटल्यांकडं बघितलं, मग मुरलीधरकडं. चिडलेला दिसला असता तर बरं झालं असतं.

"ए.सी. काडून न्हे तू," मुरलीधर कसाबसा म्हणाला. "न्हायतर पैसं घे. दुप्पट घे."

"दारूचं तुजं तू बग. त्येचा जाब तुला इचारनारा म्या कोन?" लियाकत हळू बोलत होता, शेजारी ऐकू जाऊ नये इतकं हळू. "पर म्या म्हातारीपुढं आन घितली रं. ती माज्या तोंडाकडं बगत व्हती, मला म्हनाली, तू खोटं बोलायचा न्हाईस. माज्या तोंडानं तिला खोटं सांगवलंस तू."

मुरलीधरच्या हातांतल्या बाटल्यांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"आता त्ये खरं कर," लियाकत म्हणाला. "कसं करायचं त्ये तुजं तू बग." आणि पत्रा परत काखेत मारून तो जिना उतरला. मुरलीधर खिडकीतनं बघत राहिला. तिठ्यापर्यंत त्या पत्र्यावर ऊन चकाकत होतं.

संध्याकाळी त्यानं पिंप संडासात ओतलं. वीस लिटर. यात पुण्य काही नव्हतं, आणि त्यालाही तसं वाटलं नाही. घरभर वास सुटला, कुंदानं फिनेल ओतलं, दिया नाक दाबून म्हणाली, "फायनली!" पुढच्या शुक्रवारी माणसं आली त्यांना त्यानं दारातनंच वाटेला लावलं. विलीनं कारण विचारलं. मुरलीधर म्हणाला, "उकाडा सोसंना." ऑक्टोबर सरत आला होता.

तानुबाईला पासपोर्ट नव्हता. कागद, फोटो, अंगठे, साताऱ्याचे हेलपाटे, यात हिवाळा गेला. फेब्रुवारीत ती आली तेव्हा मुसफ्फ्यात पहाटे स्वेटर लागत होता, ए.सी. महिनाभर बंद. खोलीत नवी खाट, नवी चादर. तानुबाई दारात थांबली. नाकपुड्या हलल्या. फिनेल चार वेळा झालं होतं, पण आंबलेला माल भिंतीत मुरतो. आणि नवऱ्यापायी तीस वर्षं तिनं तो वास सोसला होता. मग तिनं कोपऱ्यात बघितलं. फरशीवर पिंपाचा गोल वळ.

"हितं काय व्हतं?"

"पान्याचं पिंप," मुरलीधर म्हणाला.

"पान्याचं," ती म्हणाली. जोर नाही, सवाल नाही. पिशवीतनं शेंगांची चटणी काढून कुंदाच्या हातात दिली आणि खाटेवर बसली. मुरलीधरला वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात. बापाला द्यायची तशा, सात पिढ्या उद्धरून. तिनं विचारलं, जेवलास का.

लियाकत त्या दिवसापासून घरी आला नव्हता. मुरलीधर मागचा बोळ सोडून त्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आई आलीया."

शुक्रवारी लियाकत आला, धुतलेल्या कपड्यांत, खजुराचा डबा घेऊन. तानुबाईनं त्याला खुर्चीवर बसू दिलं नाही, आपल्या खाटेवर शेजारी बसवलं. मुरलीधर चहाचा ट्रे घेऊन आला आणि चौकटीतच थांबला.

"आई, झोप लागती का हितं?" लियाकतनं विचारलं. त्याची नजर खाली, त्या गोल वळाजवळ.

तानुबाईनं त्याची नजर कुठं आहे ते बघितलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लागती की. तू सांगितलंस तश्शीच हाय बग खोली. गार. माज्या लेकानं माज्यासाठी केलीया. तू बोललास त्येच्यात एक सबूद खोटा न्हाय."

"व्हय, आई," लियाकत म्हणाला.

मुरलीधर अजून चौकटीतच होता. तानुबाईनं मान वळवली.

"मुरल्या, च्या निवतोय त्येचा. दे की त्येला. तितं का हुबा ऱ्हायलायस चोरावानी?"