निळ्या फाटकासमोरचा चढ

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मुसाकून एशिमबेकोव शाळेच्या बॉयलरच्या भट्टीत शेवटची अकरा फावडी कोळसा टाकतो. बारा टाकली तर दिवसपाळीचा माणूस येईपर्यंत शाळेतले पाइप खडखडायला लागतात. दहा टाकली तर पहिलीच्या वर्गात बाई टोपी घालून शिकवतात. हा हिशेब त्याला एकोणीस हिवाळ्यांनी शिकवला आहे.

सातला पाळी सुटते. तो कामाचे बूट काढतो, लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवतो आणि रबरी तळव्याचे जोडे घालतो. त्यांत बायकोने, बात्माने, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे कापून बसवले आहेत. मग दार उघडून तो धावत घरी निघतो. घर सव्वापाच किलोमीटरवर आहे. आज उणे चोवीस होतं.

मुसाकून एकसष्ट वर्षांचा आहे. पेन्शनला दोन वर्षं आहेत आणि ती बॉयलरवरच काढायची आहेत, कारण नारीनसारख्या डोंगराळ गावात या वयाच्या माणसाला दुसरं काम कोणी देत नाही. बॉयलरवाल्यांची वैद्यकीय तपासणी बारा फेब्रुवारीला आहे. उपाशीपोटी साखर इथल्या मापाने सातच्या वर निघाली, तर कागदावर सही होत नाही. ऑक्टोबरमध्ये त्याची साखर नऊ पूर्णांक आठ होती.

"पाव कमी आणि रोज तासभर घाम," डॉक्टरीणबाई म्हणाली होती.

"रात्रभर कोळसा ओढतो, तो घाम नव्हे का?"

"तो नोकरीचा. साखरेला तो कळत नाही."

बात्माच्या घरात पाव कमी होणं शक्य नव्हतं. म्हणून नोव्हेंबरपासून तो धावतो.

धावतो म्हणजे चालणाऱ्याला मागे टाकतो, इतकंच. पहिला किलोमीटर तोंड मिटून काढायचा, नाहीतर छातीत सुया टोचतात. दुसऱ्यात मिशीवर बर्फ धरतं. तिसऱ्यात पायांची बोटं आहेत की नाहीत ते समजेनासं होतं आणि चौथ्यात ती आहेत हे नको इतकं समजतं. रस्ता नदीकाठाने जातो. पायी जाणाऱ्यांसाठी ट्रॅक्टर तेवढाच साफ करतो. चौथा किलोमीटर संपता संपता पाण्याचा पंप लागतो आणि पंपापासून वळणापर्यंत एकशे चाळीस मीटरचा चढ. बारा तासांच्या पाळीनंतर हा चढ धावायचा नाही, हे त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. गल्लीलाही ते ठाऊक झालं होतं: मुसाकून पंपापर्यंत धावतो, मग चालतो.

चढाच्या मध्यावर निळं फाटक आहे. तिथे तोलोमुश आबा राहतात. वय सत्त्याऐंशी, आणि शरद ऋतूपासून अंथरुणात.

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी उणे एकतीस होतं. कोळसा ओढून मुसाकूनची कंबर धरली होती, म्हणून त्याने बात्माची शाल कमरेला घट्ट आवळली होती. पंपापाशी त्याला वाटलं, आता चालायला लागलो तर घाम पाठीवर गोठेल. तो थांबला नाही. चढ धावत घेतला आणि प्रत्येक पावलाला कंबर कळवळली, तसा तो मोठ्याने कण्हत राहिला.

आमच्याकडे मोठा माणूस गल्लीतून असा एकाच कामासाठी जातो. मयताच्या घरी पुरुष कमरेला फडकं बांधून, लांबूनच आक्रोश करत येतात. समोरच्या साकिश-एजेने, म्हणजे साकिशताईने, खिडकीतून पाहिलं: अंधार, दिव्याखाली कंबर बांधलेला माणूस, कण्हत निळ्या फाटकाकडे धावतोय. तिने फोन उचलला.

आठला फाटकाबाहेर पंधरा माणसं होती. तिघे "अरे माझ्या बापा" म्हणत आत शिरले होते. मयतासाठी अंगणात उभारायचा तंबू ट्रकवर चढत होता. आबा पलंगावर बसून चहात पाव बुडवत होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

 त्यांचा मुलगा दोरोनबेक म्हणाला, "तुम्ही, आबा."

"मला कोणी सांगितलं नाही ते."

संध्याकाळी दोरोनबेक मुसाकूनच्या दारात आला. आवाज चढवला नाही. "दादा, तुम्ही मुद्दाम केलं नाही, मला कळतंय. पण माझ्या बायकोचं रडणं अजून थांबलेलं नाही. उद्यापासून वरच्या रस्त्याने जा."

वरच्या रस्त्याने खाणीचे ट्रक जातात. बर्फ बाजूला लोटलेलं, पायी जाणाऱ्याला जागा नाही. बुधवारी मुसाकून गुडघाभर बर्फातून गेला. गुरुवारी ट्रकला वाट देताना घसरला आणि कोपर सोलून घेतलं. शुक्रवारी तो मिनीबसमध्ये बसला आणि डोळा लागल्यामुळे घर मागे टाकून एक थांबा पुढे गेला. शनिवारी बात्माच्या बहिणीने आपल्या यंत्रावर त्याची साखर मोजली. आठ पूर्णांक एकवर आली होती, ती पुन्हा आठ पूर्णांक नऊ.

"सही गेली," बात्मा म्हणाली आणि पाव झाकून ठेवला.

त्याच दुपारी आबांनी त्याला बोलावलं. खोलीत दोरोनबेक होता आणि साकिश-एजे नान भाजून घेऊन आली होती. मंगळवारपासून ती रोज काहीतरी आणत होती.

"चार दिवस कुठे होतास?" आबांनी विचारलं. "सात पस्तीसला बर्फावर तुझे जोडे वाजतात तेव्हा मी रक्तदाबाची गोळी घेतो. चार दिवस चुकली."

"घड्याळ आहे ना, आबा," दोरोनबेक म्हणाला.

"त्याचे काटे मला दिसत नाहीत. याचे जोडे ऐकू येतात. येऊ दे त्याला."

"येऊ दे, पण त्याने चालत जावं. पहिल्यासारखं."

"धावला म्हणून तुम्ही मला मारलंत. आता धावला तर मी आहे, असं समजा. चालला, तर रडायला या."

साकिश-एजेने नान खाली ठेवला. "आणि तुम्ही आहात की नाही, हे त्याला कोण सांगणार?"

"मी गेलो की सून फाटकावरचा दिवा विझवेल. दिवा असेल तर याने धावायचं. कंबर न बांधता."

मुसाकून म्हणाला, "आबा, त्या चढावर मी दमतो हो."

"मीही दमतो. पण रोज उठून बसतो ना?"

 रविवारी सकाळी दिवा पेटलेला होता.

तेव्हापासून तो चढ धावतच घेतो. एकदा, मागच्या सोमवारी, पाय मध्येच थांबले. चार पावलं चालला असेल, तोच साकिश-एजेची खिडकी उघडली.

"मुसाकून, फोन करू का?"

तो धावायला लागला.

आजही धावला. वळणावर खांबाला हात टेकून तीन मिनिटं उभा राहिला. घरी बात्माने जोडे ओढून काढले, कारण त्याला वाकता येत नव्हतं. साखर काल सात पूर्णांक तीन होती. तपासणीला नऊ दिवस आहेत.

उद्या उणे सत्तावीस सांगितलं आहे. पाळी सातला सुटेल. शाल खिळ्याला टांगलेली आहे, ती तो नेणार नाही. सात पस्तीसला फाटकावर दिवा असेल, तर पंपापासून वळणापर्यंत एकशे चाळीस मीटर धावायचे आहेत.