वरच्या उतारावरचा डाग

हॉटेलच्या लॉन्ड्रीत बत्तीस वर्षं टेबलक्लॉथ धुणाऱ्या काकांना सगळे ‘डागवाले’ म्हणत, आणि काका ते नाव पदवीसारखं मिरवत. डाग पडलेलं कापड नाकाशी नेलं की निकाल तयार. "ही नदीकाठच्या सपाट मळ्यातली, सिराह द्राक्षांची वाईन. नुसता गुळमट गोडवा!" मग दुसरं कापड हुंगताना त्यांचे डोळे आपोआप मिटत. "आणि ही डोंगराच्या वरच्या उतारावरची! निळसर कड बघा. काळी मिरी, मागून जरासा धूर. काय वाईन आहे महाराजा!" वेटर जाऊन बाटली बघून येई. काका कधी चुकले नाहीत.

गंमत अशी की या माणसानं वाईनचा थेंबही चाखला नव्हता. "पिणाऱ्याचं नाक बिघडतं," असं ते ठणकावून सांगत. खरं म्हणजे ती बाटली परवडण्यातली नव्हती. पुढे त्यांनी हट्टच धरला, की पहिला घोट घेईन तो रिटायर झाल्यावर, आणि तोही वरच्या उतारावरचाच.

निरोपाच्या दिवशी मॅनेजरनं नेमकी तीच बाटली हातात ठेवली. काकांनी ती तान्ह्या बाळासारखी घरी आणली आणि रविवारी उघडायची असं जाहीर केलं. तोवर चार दिवस काकूंना त्या उताराची माती, तिथलं ऊन, तिथला वारा यांवर व्याख्यानं ऐकावी लागली. काका स्वतः तिकडे कधी फिरकलेही नव्हते.

रविवारी दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून काका टेबलाशी बसले. बाटली आली, पण लेबल गायब.

"लेबल कुठे गेलं?"

"धुतली मी बाटली. धुळकट होती," काकू म्हणाल्या. लॉन्ड्रीवाल्याच्या घरात यावर काय बोलणार?

बूच निघालं. ओतण्याच्या घाईत पहिली धार टेबलक्लॉथवरच पडली. सवयीनं ते वाकले. हुंगलं. पुन्हा हुंगलं. चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, ही सपाट मळ्यातली!"

काकूंनी आधी कानावर हात ठेवले, मग त्यांना रडूच फुटलं. "सकाळी पुसताना हातातून सटकली हो! कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली ती आणली. म्हटलं, तुम्ही कधी प्यायलाय, तुम्हाला काय कळणार!"

काकांनी बाटली खाली ठेवली. बत्तीस वर्षं वाट पाहिली आणि सगळं फरशीवर गेलं. त्यांना खरोखर रडावंसं वाटलं. मग एकदम त्यांनी विचारलं, "पुसलंस कशानं?"

"जुन्या पांढऱ्या चादरीनं."

"भिजत घातलीस?"

"अजून नाही. कोरड्या बादलीत आहे."

काका धावतच गेले आणि चादर घेऊन आले. निळसर कड, मिरी, धूर, सगळं जागच्या जागी होतं. एका हातानं चादर नाकाशी धरून त्यांनी दुसऱ्या हातानं दुकानातल्या वाईनचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कशी आहे?" काकूंनी भीतभीत विचारलं.

"अशीच असणार, माहीत होतं मला," काका म्हणाले, आणि चादरीचं दुसरं टोक त्यांनी काकूंच्या नाकाशी नेलं.

काकूंनी हुंगलं, डोळे पुसले आणि भिजत घालायला म्हणून चादर ओढली. काकांनी ती सोडली नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "ही धुवायची नाही."