हॉट प्रेसमधली कवटी

"तुझ्या हॉट प्रेसमध्ये एक बादली ठेवशील का?" असं शेजारच्या आयरिश आजोबांनी विचारलं, तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि मग बादलीत काय आहे ते विचारलं. माझं नेहमी असंच होतं. बादलीत हरणाची कवटी असणार होती.

आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं उबदार कपाट. इथली माणसं त्यात टॉवेल ठेवतात. गॉलवेतल्या आम्हा मराठी घरांत इडलीचं पीठही तिथेच फुगतं, कारण इथल्या थंड स्वयंपाकघरात ते ढिम्म हलत नाही. आजोबांकडे नवं हीटिंग बसलं, टाकी गेली आणि त्यांचं कपाट गार पडलं.

हरण त्यांनी मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर मारलं होतं. त्यानंतर बंदुकीचा परवाना स्वतःच जाऊन परत केला, कारण नजर कमी होत चालली होती. हे आपलं शेवटचं हरण, त्याची कवटी पांढरीशुभ्र होऊन भिंतीवर लागलेली दिसावी, एवढीच त्यांची इच्छा होती. शिकारीची डोकी तयार करून देणाऱ्या माणसाने दीडशे युरो सांगितले आणि उन्हाळ्यानंतर बघू म्हणाला. "दीडशेचं काही नाही गं," आजोबा म्हणाले. "उन्हाळ्यानंतरचं कुणी सांगितलंय?"

मी जन्मात मटण शिजवलेलं नाही. पण कारखान्यात माझं काम, हृदयात घालायच्या नळ्यांवर तेलाचा कणही राहू नये हे बघण्याचं. हाडातलं तेल कसं काढतात, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. त्यामुळे मी त्यांच्या शेडमध्ये नाक खुपसलंच.

फ्रीझरमधून काढलेल्या डोक्याचं कातडं त्यांनी आधीच उतरवलं होतं. मोठ्या पातेल्यात पाणी, धुण्याचा सोडा, थोडं भांड्यांचं लिक्विड. शिंगं पाण्याबाहेर, बुडाशी फॉइल गुंडाळलेलं, म्हणजे त्यांचा रंग उतरत नाही. हे प्रकरण काही तास चालणार म्हटल्यावर मी उदार मनाने माझा कुकर देऊ केला. तीन शिट्ट्या आणि पंधरा मिनिटं बारीक गॅस, छोल्यांचं गणित. शिट्टी म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर आजोबा खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "पाणी खळखळलं की नाक गेलं." नाकाची हाडं फार पातळ असतात. जोराने उकळलं की सांधे सुटतात, दात गळतात. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे. ते पातेल्याकडे बघतही नव्हते. "आता बोलायला लागलंय, कमी कर," एवढंच म्हणायचे. मला ती अनुभवाची कमाल वाटली.

मांस सुटलं, मेंदू वाकड्या तारेने आणि पाण्याच्या पाइपने बाहेर आला. तो भाग मी शेजारच्या झाडाकडे बघत पार पाडला. मग हाडातलं तेल सुटावं म्हणून कवटी साबणाच्या कोमट पाण्यात घालून आमच्या हॉट प्रेसमध्ये आली. शिंगं मावावीत म्हणून मधली फळी काढावी लागली.

तेव्हा आई नागपूरहून आली होती. तिने पीठ ठेवायला दार उघडलं, तर समोर शिंगं. "हे काय होय वं?" मी सांगितलं. मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेणार. ती म्हणाली, "मंग माह्यं पीठ कुठं ठेवू?" आणि पातेलं घेऊन निघून गेली.

पाणी पिवळं पडलं की बदलायचं. दर वेळी मी कवटी आजोबांना दाखवायला न्यायचे. "ग्रँड," ते म्हणायचे. सुरुवातीला मी खूश व्हायचे, आपल्याकडे ग्रँड म्हणजे थाटाचं. इथे ग्रँड म्हणजे ठीक, चालेल, मी बरा आहे, आता विषय बदल.

एका रविवारी इडल्या घेऊन आईही बरोबर आली. कवटीच्या मागच्या बाजूला तेलाचे डाग होते, बाकीही जुन्या तुपासारखी पिवळी होती. "हा डाग गेला पाहिजे ना? अजून भिजवू?" मी विचारलं. आजोबा कवटीकडे तोंड करून म्हणाले, "कशाला? पांढरीशुभ्र आहे. ग्रँड."

घरी येताना आई म्हणाली, "त्याले दिसत नाई वं. म्या चहा देल्ला, तं तो कपाच्या बाजूलेच हात नेत होता."

मला रडू आलं आणि रागही आला, आजोबांचा नाही, त्या ग्रँडचा. इतके दिवस मी कवटी बघत होते, त्यांना एकदाही नीट बघितलं नव्हतं. आता पांढरी करायची ती कुणासाठी, मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कबूल केलं ना तुनं? मंग कर."

मी केलं. डाग जाईपर्यंत पाणी बदललं. मग पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस हाडावर थापला, शिंगांना लागू न देता, आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. ब्लीच चालत नाही, त्याने हाड भुसभुशीत होतं.

कवटी वाळल्यावर मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं शिंगांच्या बुडापासून खाली आली आणि टोकाशी थांबली. "नाक शाबूत आहे," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पांढरी म्हणजे कशी पांढरी झालीय?"

तोंडावर आलेलं "ग्रँड" मी गिळलं. त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारत होते. मी कवटी खिडकीपाशी नेली आणि नीट बघत सांगत गेले. कपाळ दुधासारखं. डोळ्यांच्या खोबणीत किंचित निळसर. डाव्या शिंगाखाली एक बारीक रेघ, तडा नाही, सांधा आहे. दातांपाशी अजून पिवळी आहे, ते काही जात नाही.

"तिथे मीही पिवळाच आहे," ते म्हणाले. "उजवी बाजू?"

उजवी बाजू सांगितली. मागची सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मी थांबले की बोटाने पुढे सांग म्हणत होते. सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"लाव आता भिंतीला," ते म्हणाले. "पाहिली मी."